नाव चहानंतर

“कोणीतरी जड कपाट सरकवतंय असं वाटलं,” मी म्हणाले.

 डॉक्टर वाटवे एवढ्या जोरात हसले की बशीत उरलेला चहा त्यांच्या पँटवर सांडला. लोंढे सर मात्र हसले नाहीत. वर्गात एखाद्यानं चुकीचं पण नवं उत्तर दिलं की ते मान तिरकी करून बघायचे, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“कपाट रिकामं होतं की भरलेलं?”

“भरलेलं.”

“मग ऐकलंस तू. पुढच्या शनिवारी ये.”

लोंढे सरांकडच्या शनिवारच्या बैठकीतला माझा तो पहिला दिवस. मी नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि नोकरीचे अर्ज पाठवून उत्तरांची वाट बघत मिरजेतच होते. सरांनी मला कॉलेजात ध्वनिशास्त्र शिकवलेलं. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण मी शिकत असतानाही तास घ्यायला येत. त्यांचा सीडी प्लेअर मधूनच अडखळायला लागला म्हणून त्यांनी मला बोलावलं, मी भिंग पुसून दिलं, आणि “आता आलीच आहेस तर बस,” म्हणाले.

सांगली-मिरज रस्त्यालगतच्या त्यांच्या बैठ्या घरात पुढच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी पाचसहा माणसं जमायची आणि पाश्चात्त्य संगीत ऐकायची. नेमाने येणाऱ्यांत सरांचे मित्र डॉक्टर वाटवे असायचेच. ते दातांचे डॉक्टर. बैठकीचा नियम विचित्र होता. वर्षभर एकच रचना घ्यायची. दर शनिवारी ती वेगळ्या वादकाकडून ऐकायची. ज्याची पाळी असेल त्यानं रेकॉर्डिंग आणायचं, पण त्याचं कव्हर पडद्याच्या जुन्या कापडातून शिवलेल्या एका थैलीत घालून मांडीवर ठेवायचं. कोण वाजवतंय हे इतरांना कळता कामा नये. एकदाच ऐकायचं. चहा पिऊन होईपर्यंत गप्प राहायचं. मग प्रत्येकानं एक वाक्य बोलायचं, एकच. सर सगळ्यात शेवटी, त्यांना मर्यादा नाही. आणि त्यानंतर थैलीतून नाव बाहेर.

“नाव आधी कळलं की कान रजेवर जातात,” सर म्हणायचे.

त्या वर्षीची रचना होती एकट्या चेलोसाठी लिहिलेली एक सराबांद. सराबांद म्हणजे तीन मात्रांचा, संथ, जुना नाच. तीनशे वर्षांपूर्वी एका जर्मन माणसानं लिहिलेली. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, दोन गुडघ्यांत धरून बसून वाजवायचा. साथीला कोणी नाही. एका वेळी एकच स्वर. त्या स्वरांचं म्हणाल तर, लहान मूलसुद्धा बोटानं दाखवू शकेल इतके ते मोकळे मोकळे.

मला त्यात काही म्हणजे काही दिसलं नाही. पण शिक्षणच असं झालेलं, की न समजणाऱ्या गोष्टीला निदान मोजून तरी ठेवायचं. मी मनगटावरच्या घड्याळात बघत राहिले. एका वादकानं ती जेमतेम तीन मिनिटांत संपवली, पुढच्या शनिवारी दुसऱ्यानं पाच मिनिटं घेतली.

“सर, कागदावर स्वर तेवढेच आहेत ना?” मी विचारलं. “प्रयोगशाळेत एवढा फरक आला असता तर मी उपकरण बदललं असतं.”

“किती वेळ घेतला ते मोजलंस. छान. आता ती जास्तीची दोन मिनिटं त्यानं कुठे ठेवली ते शोध. सगळीकडे सारखी पसरली असतील तर तो नुसताच आळशी.”

बैठक उठल्यावर मी तीच तबकडी पुन्हा लावून तेवढंच ऐकलं. वेळ सारखा पसरलेला नव्हता. तीन मात्रांतल्या दुसऱ्या मात्रेवर तो बसत होता, पायरीवर दम घ्यायला बसावं तसा. मग तिसरीवर उठून पुढे. त्याआधी ऐकलेला तीन मिनिटांचा वादक पायरी बघतच नव्हता. एवढं कळलं त्या दिवशी मी बसमध्ये मांडीवर बोटांनी तीन मात्रा धरत घरी गेले.

सरांची मात्र मला गंमत वाटायची. काही वादक झाले की ते म्हणायचे, “चांगलं आहे,” आणि नळाला पाणी कधी येणार याची चौकशी करायचे. काही वादकांशी ते दिवे लागेपर्यंत भांडायचे. समोर नसलेल्या, बहुधा वारलेल्या माणसाशी! “इथे का थांबलास, बाबा? कोणी हाक मारली?” असं म्हणून गुडघ्यावर थाप मारत स्वतः ती ओळ गुणगुणायचे. मी मनातल्या मनात दोन रकाने केले होते. चांगलं आहे, ते एकीकडे. भांडण झालं, ते दुसरीकडे. पहिला रकाना भराभर वाढत होता, त्यावरून सर मनाने फार उदार आहेत असं माझं मत झालं.

आमचं घर सतारमेकरांच्या गल्लीत. अब्बा तंबोरे बनवतात. एक दिवस मी दुकानात बसून ती सराबांद लॅपटॉपवर लावली. एव्हाना मला तिची सवय लागली होती, आवडते असं म्हणण्याचा धीर मात्र नव्हता. अब्बा भोपळ्याला आतून पटाशी लावत होते. थोडा वेळ त्यांनी ऐकलं.

“एकटाच वाजवतोय?”

“एकटाच.”

“आणि तंबोरा?”

“त्यांच्यात तंबोरा नसतो, अब्बा.”

“मग ह्याला घर कुठलं? जाणार कुठं आणि येणार कुठं परत?” ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

मी ते पुन्हा लावलं. आता मी वरच्या चालीकडे लक्ष न देता फक्त परत येण्याची जागा शोधत होते. तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. वादक वर दोनतीन स्वर घेतो आणि मधूनच खाली खोल उडी मारतो. तो खालचा स्वर लागतो आणि सुटतो, चाल पुन्हा वर जाते, पण खालचा कानात चालूच राहतो. वाजत नसतो, तरी असतो. मी लॅपटॉपवर आवाजाचा आलेख काढून बघितला. त्या जागी तो स्वर खरंच नव्हता. आलेखात नाही आणि माझ्या कानात आहे. भौतिकशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलीनं यावर काय करावं? मी लॅपटॉप मिटला आणि म्हटलं, “अब्बा, तंबोरा आहे. तो लपवून ठेवलाय.”

“मग बरं आहे,” अब्बा म्हणाले.

त्यानंतर दोनएक आठवड्यांनी दुपारी दुकानापुढे रिक्षा थांबली आणि तिच्यातून आधी एक भलीमोठी काळी पेटी उतरली, मागून शुलाताई.

शुलमिथ लोंढे, सरांची एकुलती एक मुलगी. चौतिशीची असेल. एका शाळेत संगीत शिकवायची. आई नव्हती, घर तीच बघायची. बैठकीला ती स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसायची, चहा आणायची. तिची वाक्याची पाळी आली की “माझं राहू दे,” म्हणायची, आणि सरही पुढच्याकडे वळायचे.

“अंकल, एक खुंटी घसरतेय,” तिनं पेटी उघडत अब्बांना सांगितलं. “लावली की उतरते.”

आत चेलो होता. मी इतके महिने त्याचा आवाज ऐकत होते, वस्तू आज बघत होते.

“हा कुणाचा?” मी विचारलं.

“माझा. मिशनमधल्या एका डॉक्टरीणबाईंचा होता, त्या मायदेशी परत जाताना पप्पांना देऊन गेल्या. मी आठ वर्षांची होते.”

“तुम्ही वाजवता? मग बैठकीत कधी...”

“पप्पांना वाटतं, शाळेत मुलांना दाखवायला ठेवलाय.” ती बाकावर बसली. “शाळा सुटली की मी वाजवते. रोज. स्टोअररूममध्ये.”

अब्बा खुंटीला खडूची पूड लावत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण हात हळू झाला.

मग तिनं सांगितलं. एकोणीस वर्षांची असताना ती मुंबईला एका वाद्यवृंदाच्या निवडीला गेली होती. निवड झाली नाही. परत आल्यावर पुढच्या खोलीत बसून तेच सगळं पप्पांना वाजवून दाखवलं.

“सर काय म्हणाले?”

“‘चांगलं वाजवलंस’ म्हणाले.”

“मग?”

“मग काय? त्या दिवसापासून घरात वाजवलं नाही.”

“पण ताई, त्यांनी तर कौतुक केलं!”

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं लहान मुलाकडे बघतात. “राहू दे ते. माझं एक काम करशील?”

काम असं होतं. चेन्नईला एक नवा वाद्यवृंद उभा राहत होता. मागच्या सुट्टीत तिनं तिथल्या एका शिबिरात वाजवलं होतं आणि आता त्यांनी तिला कायमची जागा देऊ केली होती. महिनाअखेरीला उत्तर हवं होतं. जायचं म्हणजे शाळा सोडायची, आणि एकाहत्तर वर्षांच्या बापाला एकटं ठेवायचं.

“एवढं करून मी त्या खुर्चीत बसण्याच्या लायकीचीच नसले तर?” ती म्हणाली. “चेन्नईवाल्यांना माणसं कमी पडतायत, ते कुणालाही घेतील. मला एकाच माणसाच्या कानांवर विश्वास आहे. आणि तो माणूस माझा बाप आहे, हीच पंचाईत. मी समोर बसून वाजवलं की ते पप्पा होतात. मला पप्पांचं मत नको, रुबिना. मला सरांचं मत हवंय.”

मला क्षणात कळलं ती काय म्हणतेय ते. पुढच्या शनिवारी माझी पाळी होती.

“थैलीतून,” मी म्हणाले.

“थैलीतून.”

सांगायला हरकत नाही, मला त्या वेळी तिच्या काळजीपेक्षा प्रयोगाच्या रचनेचाच जास्त आनंद झाला. नव्या औषधाची चाचणी करतात तेव्हा खरी गोळी कुणाला दिली ते डॉक्टरलाही कळू देत नाहीत. इथे सगळं तयारच होतं. नेहमीची माणसं, नेहमीचा नियम, आणि परीक्षक असा, की त्याला आपण परीक्षक आहोत हेच ठाऊक नाही.

रविवारी आम्ही तिच्या शाळेच्या ग्रंथालयात रेकॉर्डिंग केलं. खिडकीबाहेरच्या पिंपळावर तांबट पक्ष्याची टुक-टुक चालली होती, ती थांबेपर्यंत आम्ही शेंगदाणे खात बसलो. मग तिनं चेलो गुडघ्यांत घेतला, गज तारेवर टेकवला आणि तशीच थांबली. मला वाटलं, काही विसरली. तेवढ्यात स्वर लागला.

त्याआधी मी जगातले एवढे मोठे वादक ऐकले होते, पण सगळे भिंतीपलीकडून ऐकल्यासारखे. हा स्वर फरशीतून माझ्या तळपायात आला. खालची उडी आली तेव्हा मी खुर्चीची कड घट्ट धरली. संपल्यावर मी यंत्राचं बटण पुन्हापुन्हा तपासलं.

घरी येऊन मी रेकॉर्डिंग साफ केलं. सुरुवातीची शांतता कापून टाकली, कारण बाकीच्या तबकड्यांवर ती नसते. आलेखात एक गोष्ट दिसली. तिचे स्वर शेवटाकडे लवकर उतरत होते. बाकीच्यांच्या स्वरांना लांब शेपूट, हिच्याला आखूड. मी विचार केला आणि ग्रंथालयाला दोष दिला. पुस्तकं आवाज खातात. हे खरंही आहे.

शनिवारी मी थैली मांडीवर घेऊन बसले. थैलीत जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घातला होता, आकारासाठी. शुलाताई स्टुलावर बसली. तिच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराआड, काळ्या पेटीचा कोपरा दिसत होता. आल्याआल्या ती माझ्या कानाशी म्हणाली होती, “आज घरी आणलाय. वाईट झालं तर कपाटावर ठेवून देईन, कायमचा. नेआण बंद.”

मी बटण दाबलं.

सर नेहमीसारखे डोळे मिटून बसले होते, तळवे गुडघ्यांवर. मी सगळा वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्यावरून मला काही म्हणजे काही कळलं नाही. शुलाताई खाली फरशीकडे बघत होती. रचना संपली. ती उठली, चहा घेऊन आली, प्रत्येकापुढे तबक धरलं.  नियमाप्रमाणे सगळे गप्प. भुरके तेवढे ऐकू येत होते.

“रशियन,” कप ठेवून डॉक्टर वाटव्यांनी सुरुवात केली. “थंडी बघितलेला माणूस आहे. पन्नाशीपुढचा. वाद्यही तसंच भारी असणार.”

“एक वाक्य, डॉक्टर,” कुणीतरी म्हणालं.

“त्यात स्वल्पविराम होते सगळे.”

मला माझं वाक्य आठवत नाही. शुलाताई म्हणाली, “माझं राहू दे.” आणि सर बोलू लागले.

“हा वादक खालचा स्वर लावतो आणि लगेच पळतो,” ते म्हणाले. “खाली उतरायचं धाडस आहे, तिथे उभं राहायचं नाही. प्रत्येक स्वर सुंदर सुरू करतो आणि संपायच्या आत आवरून घेतो. का? शेजारच्या खोलीत कोणी आजारी माणूस निजलाय? कोण निजलंय?” त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. “कोणी निजलेलं नाही! सगळे जागे आहेत, सगळे तुझंच ऐकतायत. मग एवढा दबकून का वाजवतोस?”

 सर थांबायला तयार नव्हते.

“आणि दुसरा भाग. तिथे तो वर चढतो. असा चढतो, की मी या खोलीत कमी वेळा ऐकलंय. आणि वर पोचला की माफी मागतो. अरे, कसली माफी? हातात असा गज असताना? या माणसानं हे कुठल्या तरी कोपऱ्यात बसून तयार केलंय. त्याला दार उघडून वाजवायला सांगा. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर श्वास घेतो, तो तर निव्वळ...”

त्यांनी ती तिसरी ओळ गाऊन दाखवली. मग पुन्हा गाऊन, कशी असायला हवी होती ती दाखवली. चहाचे कप वाळून गेले. मी मान खाली घालून बसले होते आणि माझ्या डोक्यातल्या दुसऱ्या रकान्यात एकेक उणं पडत होतं. एवढी उणी मी कुणाला दिली नव्हती. शुलाताईकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

“हं,” सर शेवटी म्हणाले. “नाव?”

मी थैलीत हात घातला. पुठ्ठा हाताला लागला. “सर, कव्हर... कव्हर घरीच राहिलं वाटतं.”

“हे चालणार नाही हं,” डॉक्टर वाटवे म्हणाले. “नियम म्हणजे नियम. निदान रशियन आहे की नाही तेवढं सांग.”

“पुढच्या आठवड्यात सांगते, डॉक्टर, खरंच मला...”

“पप्पा,” दारातून आवाज आला. “मी आहे ती.”

डॉक्टर वाटव्यांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. दाताच्या डॉक्टरला तसं बघायची मला सवय नव्हती. सरांनी कप उचलून ओठाला लावला. तो रिकामा होता, तरी त्यांनी घोट घेतला.

“तिसऱ्या ओळीत श्वास का घेतलास?”

“गज संपला होता.”

“मग आधीच्या ओळीत जपून वापरायचा.”

“हो.”

“हं,” सर म्हणाले, आणि उठून हात धुवायला गेले.

मी शुलाताईच्या मागे स्वयंपाकघरात धावले. ती मोरीपाशी उभी राहून तोंडावर पाणी मारत होती. तिचे खांदे हलत होते.

“ताई, ऐका ना. ती खोलीच तशी होती. पुस्तकं आवाज खातात, मी आलेखात बघितलंय. आणि एकाच रेकॉर्डिंगवरून कुणी...”

तिनं वळून माझ्याकडे बघितलं. डोळे लाल होते, पण ती हसत होती. तोंडावर हात दाबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, पोट धरून हसत होती.

“वेडे,” ती म्हणाली. “एवढा वेळ पप्पा या वर्षी कुणाशी भांडले?”

मी आठवून बघितलं. “दोघांशी. ते पाच मिनिटं घेणारे, आणि ती म्हातारी फ्रेंच बाई.”

“आणि ज्यांना ‘चांगलं आहे’ म्हणाले, त्यांची नावं सांग बरं.”

 एकही नाव आठवेना. इतके महिने तो रकाना मी काळजीपूर्वक भरत आले होते.

“पप्पांनाही सांगता येणार नाहीत,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी विसरतात. ज्याच्यात काही नाही त्याच्याशी ते कशाला भांडतील?”

तेव्हा कुठे मला कळलं, की एकोणिसाव्या वर्षी पुढच्या खोलीत ती काय ऐकून उठली होती.

निघाले तेव्हा दिवेलागण झाली होती. डॉक्टर वाटवे आणि बाकीचे पुढे गेले होते. सर मला फाटकापर्यंत सोडायला आले. ते कधी कुणाला फाटकापर्यंत सोडत नसत.

“सुरुवातीची शांतता तू कापलीस ना?” त्यांनी विचारलं.

“हो. का?”

“गज टेकवून ती थांबते. दोन श्वास. आठ वर्षांची असल्यापासून. ते राहू दिलं असतंस तर स्वर लागायच्या आधीच कळलं असतं. तू कापलंस म्हणून एक स्वर उशीर झाला.”

मी थैली छातीशी धरून उभी राहिले. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“रोज ज्याची चाहूल घेतो त्याचा आवाज ओळखायला किती वेळ लागतो?”

“मग चाचणी फुकट गेली, सर.”

“तुझी गेली. तिची नाही.”

“आणि माहीत असून तुम्ही तिला एवढं...”

“पंधरा वर्षांपूर्वी पोरगी मुंबईहून रडून आली होती,” ते रस्त्याकडे बघत म्हणाले. “मला भीती वाटली, आता आपण काही बोललो तर मोडेल. म्हणून ‘चांगलं वाजवलंस’ म्हणालो. त्या दिवशी बाप झालो आणि तिचं वाजवणं घालवून बसलो. आज म्हटलं, एकदा सर होऊन बघू.”

 चेन्नईचं त्यांना सांगावं की नाही, याचा विचार करत होते. शुलाताईनं सांगायचं, की मी? तेवढ्यात तेच हातावरचा डास मारत म्हणाले, “चेन्नईला डास याच्या दुप्पट असतात म्हणे.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“फोन घरीच आला होता. मीच उचलला.”

महिनाअखेरीला शुलाताई गेली. आज तिला तिथे बरीच वर्षं झाली. पण त्या संध्याकाळी हे काही ठरलेलं नव्हतं. सर “बरं” म्हणून घराकडे वळले, आणि तेवढ्यात पुढच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग पहिला स्वर.

ती सगळी दारं उघडी टाकून वाजवत होती. सर आत गेले नाहीत. फाटक अर्धवट उघडं होतं आणि त्याची लोखंडी कडी त्यांच्या हातात होती. ती त्यांनी सोडली असती तर खणकन वाजली असती, म्हणून ते ती तशीच धरून उभे राहिले. मी माझ्या सवयीनं मोजायला लागले आणि कुठे चुकले ते कळलं नाही, तेव्हा मोजणं सोडून दिलं. खालची उडी आली. स्वर लागला, आणि या वेळी तिनं त्याला आवरलं नाही. तो अंगणात आला, कुंपणापाशी आमच्यापर्यंत आला, रस्त्यावर गेला.

शेवटचा स्वर पुरता विझला. सर अजून थोडा वेळ थांबले. मग त्यांनी दोन्ही हातांनी कडी हळूच खाली टेकवली.